खुल्या व्यापाराचे करारनामे आणि गिरणगावचा अनुभव

इ. स. 2025 च्या जुलै महिन्याच्या 24 व्या तारखेस विलायतेत भारत व ब्रिटन या दोन देशांमध्ये खुल्या व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या. त्या वेळी आमच्या व्यापारी मंडळींनी जो आनंद व्यक्त केला तो निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. भारतातून ब्रिटनात जाणाऱ्या मालाच्या शेकडा 99 सदरांवर जकात राहू नये, तयार कपड्यांवरील शेकडा 12 पर्यंतची जकात उठावी, असे त्यात ठरले. आणि त्याच्या मोबदल्यात ब्रिटिश व्हिस्कीवरील शेकडा 150 ची जकात आरंभी 75 वर व पुढे दहा वर्षांत 40 वर आणावी, मोटारींवरील जकात नेमून दिलेल्या संख्येपुरती शेकडा 10 पर्यंत उतरवावी, असे आपण कबूल केले. कापडाच्या जकातीवरून या दोन देशांत एके काळी पाऊणशे वर्षे तंटा चालला होता. त्याच कापडाला आता ब्रिटनचा दरवाजा विनाजकात उघडतो, ही गोष्ट मुंबईकराच्या मनास सुखवील यात नवल नाही.

आमच्या वाचकांपैकी जे मुळजी जेठा मार्केटात किंवा मंगळदास मार्केटात कापडाचा धंदा करितात, त्यांच्या मनात अशा प्रसंगी माल काय भावाने पडेल आणि कोठे खपेल हा प्रश्न पहिला उभा राहतो. तो योग्यच आहे. लालबागच्या चाळीत राहणाऱ्याच्या मनात आपल्या हातचे काम राहील की जाईल हा प्रश्न येतो. तोही तितकाच योग्य आहे. करार दोन राष्ट्रांमध्ये होतो हे खरे. परंतु त्याच्या नफ्यातोट्याची वाटणी प्रत्येक राष्ट्राच्या पोटात होते, आणि ती वाटणी कोणी, कोठे बसून, कोणास विचारून केली यावर कराराचे बरेवाईट ठरते. हे आमचे म्हणणे पुस्तकी नव्हे. ताडदेवपासून शिवडीपर्यंतच्या दोन कोसांच्या पट्ट्याचा आजवरचा वृत्तांत ते पटविण्यास पुरेसा आहे.

कावसजी दावर यांनी 1854 साली कंपनी उभारून ताडदेवास सूतगिरणी काढली व ती 1856 साली चालू झाली. त्या काळी परदेशी कापडावर जी जकात होती ती महसुलासाठी होती, येथील धंद्याच्या संरक्षणासाठी नव्हती. तरीही मुंबईच्या गिरण्या वाढू लागताच मांचेस्टरच्या कारखानदारांस ती खुपू लागली. 1879 साली लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत बाजूस सारून जाड्याभरड्या कापडाच्या जकातीत सूट दिली, आणि 1882 साली कापडावरील उरलीसुरली जकातही गेली. पुढे तिजोरीस ओढ लागली म्हणून 1894 साली ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरने मोठाच गिल्ला केला. त्याचा परिणाम म्हणून 1896 साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन आणि येथील गिरण्यांत विणलेल्या कापडावरही शेकडा साडेतीन अशी जुळी जकात बसली. समान तत्त्वाचा हा मासला पाहण्याजोगा आहे. परळच्या साच्यावर निघणारे जाडे धोतर आणि लँकेशायरचे तलम मलमल यांचे गिऱ्हाईक मुळात एक नव्हतेच. तेव्हा स्पर्धा नसताना तिचा प्रतिबंध म्हणून जो कर बसला तो कोकणातल्या आणि देशावरच्या गरिबाच्या अंगावरच्या धोतरावर बसला. त्याआधी चारच वर्षे, 1892 साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन एका देशाच्या स्थितीतून निघालेले सिद्धान्त दुसऱ्या देशास जसेच्या तसे लावता येत नाहीत, असे प्रतिपादन केले होते. सरकारने त्यांस उत्तर दिले ते या जकातीच्या रूपाने, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याचे तोंड धरणार नाही.

देशी कापडावरील ही जकात तीस वर्षे टिकली, आणि ती कशी गेली हे आजच्या वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. 1925 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी धंदा बसला या सबबीवर मजुरीत शेकडा साडेअकराची कपात जाहीर केली. सप्टेंबरपासून संप सुरू झाला व सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मालकांचे म्हणणे असे की, सरकार आमच्या मालावरची जकात उठवील तर आम्ही कपात मागे घेऊ. कामगार पगाराविना गावोगाव परतले, कोणी रत्नागिरीस, कोणी साताऱ्यास. परंतु फुटले नाहीत. शेवटी डिसेंबरच्या आरंभी व्हाइसरॉयने वटहुकूम काढून जकात तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली, आणि गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. पुढील वर्षी ती जकात कायमची रद्द झाली. गोखल्यांसारख्यांनी कायदेकौन्सिलात वर्षानुवर्षे मागून जे मिळाले नव्हते ते अडीच महिन्यांच्या उपासमारीने मिळाले. जकातीचा साडेतीन टक्के आणि मजुरीचा साडेअकरा टक्के यांचा सांधा किती जवळचा असतो हे गिरणगावाने तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. करारनाम्यांच्या परिशिष्टांत आकड्यांच्या ज्या रांगा असतात, त्यांतील एकेका आकड्याच्या दुसऱ्या टोकास कोणाची तरी पगाराची थैली बांधलेली असते.

येथे एक गोष्ट आडवळणाची वाटली तरी सांगणे अवश्य आहे. मांचेस्टरवाल्यांनी जशी जकात काढविली तशीच हिंदुस्थानच्या गिरण्यांना कारखान्यांचा कायदा लावावा अशीही ओरड केली. येथील मजूर पहाटेपासून अंधार पडेतो राबतो म्हणून येथील माल स्वस्त पडतो, हे त्यांचे दुःख. 1881 चा पहिला कायदा झाला त्यात या ओरडीचा वाटा होता. यावर आमच्यातील पुष्कळ देशाभिमानी पुढाऱ्यांनी, हा परकीयांचा कावा आहे, असे म्हणून कायद्यासच विरोध केला. हेतू स्वार्थी होता हे निःसंशय. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय केले पाहा. त्यांनी मांचेस्टरचा हेतू तपासीत न बसता 1884 साली कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, रविवारची सुटी, मध्यान्हीची विश्रांती व वेळेवर पगार मागितला, आणि 1890 साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. आज ब्रिटनशी झालेल्या करारात कामगारांच्या स्थितीविषयी व पर्यावरणाविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांस परकीय हस्तक्षेप म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या मित्रांनी लोखंड्यांचे स्मरण करावे, इतकेच.

असो. खरा बोधप्रद प्रसंग 1933-34 सालचा आहे. जपानचे कापड त्या वेळी इतक्या अल्प भावाने येऊ लागले की, मुंबईच्या गिरण्यांचा धीर सुटला. सरकारने ब्रिटनेतर देशांच्या कापडावरील जकात 1932 साली शेकडा 50 वर व जून 1933 मध्ये शेकडा 75 वर नेली. जपानच्या सूतगिरण्यांनी याचे उत्तर तत्काळ दिले: हिंदुस्थानचा कापूस घ्यावयाचा नाही. जकात वाढविल्याने परळच्या गिरणीस जी ऊब मिळाली तिची किंमत अकोल्याच्या, अमरावतीच्या आणि जळगावच्या शेतकऱ्यास मोजावी लागली. कारण आखूड धाग्याच्या त्यांच्या कापसाला जपानसारखा दुसरा गिऱ्हाईक नव्हता. सिमल्यास वाटाघाटी बसल्या आणि 1934 च्या जानेवारीत जो करार ठरला त्याची घडण चमत्कारिक होती. जपानने वर्षाला दहा लाख गासड्या कापूस घ्यावा, तर त्याला साडेबत्तीस कोट वार कापड येथे विकता येईल. पंधरा लाख गासड्या घेतल्या तर चाळीस कोट वार. जकातही शेकडा 50 वर उतरली. कापसाची गासडी आणि कापडाचा वार यांची गाठ कागदावर अशी उघडउघड बांधली गेल्याचे दुसरे उदाहरण आमच्या आढळात नाही. त्या कराराचे दोष सांगता येतील, पण त्याचा एक गुण असा की, कोणाच्या लाभासाठी कोणाचा तोटा होतो हे त्यात झाकलेले नव्हते.

याच सुमारास, ऑक्टोबर 1933 मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांचे अध्यक्ष सर होमी मोदी आणि लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे सर विल्यम क्लेअर-लीस यांनी आपसांत एक करार केला. हिंदुस्थानास संरक्षण घेण्याचा हक्क आहे हे लँकेशायरने मान्य करावे, ब्रिटिश मालावर इतरांपेक्षा कमी जकात असावी हे मुंबईने मान्य करावे, आणि लँकेशायरने आमचा कापूस अधिक वापरण्याचा प्रयत्न करावा, असा त्याचा मथितार्थ. अहमदाबादच्या मालकांनी तो मानला नाही. त्याचे समर्थन व निषेध पुष्कळ झाले. पण त्या वादात एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. कराराच्या कलमांत जकातीचा विचार होता, वसाहतींतील बाजारपेठांचा होता, कापसाचाही होता. मजुरीचा नव्हता. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांतून मजुरी कापली जात होती, आणि 23 एप्रिल 1934 रोजी गिरणगावात पुन्हा सार्वत्रिक संप सुरू झाला. ज्यांस मेजाजवळ खुर्ची दिली नाही त्यांनी रस्ता धरला, यात आश्चर्य ते कोणते?

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, 2025 साली तीच गाठ नव्याने दिसली. कापसावर 2021 पासून शेकडा 11 ची आयात जकात होती. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आमच्या मालावर शेकडा 50 पर्यंत जकात बसविली, तेव्हा कापडाच्या धंद्यास दिलासा म्हणून सरकारने 19 ऑगस्टपासून कापसावरची ती जकात प्रथम सप्टेंबरअखेर व मग डिसेंबरअखेर माफ केली. गिरण्यांस व कपडे शिवणाऱ्या कारखान्यांस याची गरज होती हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीस येतो तो नेमका याच महिन्यांत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामास क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि पुष्कळ बाजारांत व्यापारी त्याहून बराच कमी भाव देत होते. ऑस्ट्रेलियाशी 2022 साली झालेल्या करारानेही 51,000 टन कापूस विनाजकात येऊ देण्याचे ठरले आहे. परदेशचा कापूस काही प्रमाणात येणे गैर नाही. पण तो कोणत्या महिन्यात यावा एवढे तरी यवतमाळच्या शेतकऱ्यास विचारून ठरवावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

मग काय, भिंती उभाराव्या आणि दार लावून बसावे? तसे आमचे मत नाही. दादरच्या बाजारात दोनतीनशे रुपयांस मिळणाऱ्या सदऱ्यामागे बांगलादेशच्या विनाजकात येणाऱ्या मालाचा हात आहे, आणि तो सदरा घेणाऱ्यांत गिरणी बंद पडून बेकार झालेल्या कामगाराची मुले-नातवंडेही आहेत. स्वस्ताई ही गरिबाच्या घरची मिळकतच होय. 2025 च्या मे महिन्यात सरकारने बांगलादेशी कपड्यांस जमिनीवरून येण्याची बंदी करून न्हावा-शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली, त्यामुळे वाढलेला खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशावरच येतो. तसेच संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून अमलात आला आणि आमच्या दागिन्यांवरील तेथील शेकडा 5 ची जकात गेली. झवेरी बाजारातील कारागिराच्या हातास त्याने काम मिळते. त्याच कराराच्या आडोशाने प्लॅटिनमच्या नावाखाली सोने आणण्याची युक्तीही काही चतुर लोकांनी काढली व सरकारला 2025 साली त्यावर निर्बंध घालावे लागले. या युक्तीने सरकार बुडाले ते बुडालेच, पण सरळ मार्गाने जकात भरणारा छोटा सराफही बुडाला.

नामदार गोखले यांनी 1911 साली कायदेकौन्सिलात साखरेच्या जकातीवर बोलताना संरक्षणाचेही दोन प्रकार असल्याचे सांगितले होते: एक, ज्याने वाढत्या धंद्यास आधार मिळतो, दुसरा, ज्याने बलिष्ठांची मक्तेदारी माजते व सर्व समाज नागवला जातो. आमचे स्वातंत्र्योत्तर चाळीस वर्षांचे धोरण यांपैकी कोणत्या प्रकारात अधिक पडले याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र मुंबईच्या गिरण्यांपुरते बोलावयाचे तर उंच जकातीच्या कुंपणाआड मालकांनी नवी यंत्रे आणण्याचा कंटाळा केला, हे त्या धंद्यातील जुनी माणसे अजून सांगतात. आमच्यातील कित्येकांची अशी समजूत आहे की, परदेशी मालाने गिरणगाव बुडविले. ती खरी नाही. भिवंडीचे व इचलकरंजीचे यंत्रमाग, जुनाट साचे, 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला व अधिकृतपणे कधीच न मिटलेला अडीच लाख कामगारांचा संप, आणि कापडापेक्षा जमिनीस आलेले मोल, ही तिची कारणे होत. 1 जानेवारी 2005 रोजी जगातील कापडाच्या व्यापारावरील देशवार मर्यादा उठल्या. ज्या बाजारपेठेची वाट तीन पिढ्यांनी पाहिली ती मोकळी झाली, तेव्हा परळच्या चिमण्या थंड होत्या आणि गिरण्यांच्या आवारात दुकानांचे मजले चढत होते. बाजार उघडला तरी विकण्यास माल करणारा हात शाबूत राहिला पाहिजे, ही गोष्ट करार करणारे लक्षात ठेवीत नाहीत.

त्या हातांसाठी आपण काय केले? 1986 साली केंद्र सरकारने बंद गिरण्यांच्या कामगारांकरिता एक निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या शेकडा 75, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25, आणि पुढे काही नाही. 2017 साली ती योजनाही दुसऱ्या एका योजनेत विलीन झाली. अमेरिकेने 1962 च्या व्यापारविषयक कायद्यातच परदेशी स्पर्धेने काम गेलेल्यांच्या निर्वाहाची व शिक्षणाची तरतूद केली होती. साठ वर्षांनी, 2022 मध्ये, तेथे नवे अर्ज घेणे बंद झाले, आणि व्यापाराविरुद्ध तेथील कारखान्यांच्या गावांत किती कडवट लोकमत झाले ते सारे जग पाहत आहे. जो समाज खुल्या व्यापाराचा नफा घेतो आणि त्याचा तोटा एका चाळीवर, एका तालुक्यावर टाकून मोकळा होतो, त्याला पुढे खुला व्यापार टिकवता येत नाही.

व्यापाऱ्यांसही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. आग्नेय आशियाशी झालेला करार 2010 पासून चालू आहे, जपानशी 2011 पासून. पण या सवलतींचा लाभ लहान पेढीपर्यंत पोहोचत नाही, याचे कारण कागदपत्र. माल खरोखर त्याच देशात झाला याचा दाखला लागतो, आणि सप्टेंबर 2020 च्या नियमांनी ते सिद्ध करण्याचा भार आयात करणाऱ्यावर टाकला असून पाच वर्षे दप्तर सांभाळावे लागते. चीनचा माल तिसऱ्या देशाचा शिक्का मारून येऊ नये म्हणून हे नियम झाले व ते हवेतच. परंतु ज्याच्याकडे एक मुनीम आणि एक संगणक आहे त्याने हे कसे निभवावे? वकील पदरी बाळगणारी मोठी कंपनी सवलत घेते, आणि काळबादेवीचा अडत्या पूर्ण जकात भरून तिच्याशी स्पर्धा करितो. बाजारांच्या मंडळांनी वर्गणीतून एकेक जाणता कारकून नेमून हे दाखले मिळवून देण्याची सोय केली तर त्याचा खर्च पहिल्याच वर्षी भरून निघेल.

राहिला मुख्य मुद्दा, विचारण्याचा. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे असा करार मंजूर करण्यापूर्वी पार्लमेंटाच्या 21 बैठकींपर्यंत तो सभागृहापुढे ठेवावा लागतो. आमच्या राज्यघटनेप्रमाणे परदेशांशी करार करणे हे सरकारचे काम. संसदेची संमती घेण्याचे बंधन त्यावर नाही, आणि मसुदा सह्या होईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणजे ज्या कराराची चर्चा लंडनच्या सभासदास करता येते तो दिल्लीच्या सभासदास वर्तमानपत्रांतून कळतो. सह्या होण्यापूर्वी मसुदा संसदेच्या समितीपुढे यावा, समितीने कापूसउत्पादक, कामगार व लहान व्यापारी यांच्या साक्षी घ्याव्या, आणि ज्या धंद्यावर आच येईल त्यातील माणसांच्या निर्वाहाची रक्कम करारासोबतच अंदाजपत्रकात दाखवावी, एवढा कायदा आम्ही मागतो. दक्षिण मुंबई आणि दक्षिण-मध्य मुंबई या दोन मतदारसंघांच्या खासदारांनी तो खाजगी विधेयक म्हणून मांडण्यास हरकत नसावी. मसुदा लिहावयास बसण्यापूर्वी त्यांनी एक संध्याकाळ मुळजी जेठा मार्केटात आणि एक संध्याकाळ लालबागेत काढावी.